फील्ड स्टेशनवर संशोधकांच्या मुक्कामाची सोय: खाटा मोजण्याआधी काय मोजायचं

दुर्गम ठिकाणच्या फील्ड स्टेशनवर, म्हणजे संशोधक राहून आसपास काम करतात त्या तळावर, राहण्याची सोय सुरू करताना बहुतेक जण आधी खाटा मोजतात आणि त्या आकड्यावर बुकिंग घेतात. पुढचा त्रास सगळा इथूनच सुरू होतो. चौथ्या दिवशी टाकी आटते. पहाटे एकाच संडासासमोर रांग लागते. कुणाच्या तरी फ्रीजरमुळे मध्यरात्री बॅटरी बसते. आणि रात्री कुणी गंभीर आजारी पडलं, तर गाडी दुसऱ्याच तुकडीबरोबर बाहेर गेलेली असते.

ज्यांच्याकडे इमारत आहे आणि जे तिथे संशोधकांना रात्री ठेवणार आहेत, किंवा आधीपासून ठेवत आहेत पण दर मोसमात त्याच तक्रारी ऐकत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिला टप्पा अर्धवट सोडून तिसऱ्यावर गेलात तर गाद्या, पांघरुणं, खोल्यांचे रंग यांवर पैसा जाईल आणि मूळ अडचण तशीच राहील.

## १. क्षमता ठरवा: पाणी, संडास आणि बाहेर पडायची वाट

स्टेशनची खरी क्षमता तीन आकड्यांतून निघते. तिन्ही काढा आणि सर्वांत लहान आकडा कागदावर लिहा. तितकीच माणसं ठेवता येतात, मग खाटा कितीही असोत.

पाणी. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, संडास आणि थोडं कपडे धुणं धरून माणशी रोज ५० लिटर पाणी हा हिशेबाला सोयीचा आकडा आहे. आपत्तीच्या छावणीत किमान १५ लिटर धरतात. चिखलात दिवसभर काम करून आलेल्या माणसाला तेवढ्यात आठवडाभर ठेवू नये. समजा, टाकी २,००० लिटरची आहे आणि ती दर पाच दिवसांनी भरते. पाचवा हिस्सा, म्हणजे ४०० लिटर, राखीव ठेवा. उरलेले १,६०० लिटर भागिले ५ दिवस म्हणजे रोज ३२० लिटर. त्यात सहा जणांचं भागतं. त्यांतले दोघे स्टेशनचे कर्मचारी असतील, तर पाहुण्यांसाठी जागा चारच. इमारतीत बारा खाटा असल्या तरी हा आकडा बदलत नाही.

संडास. दिवसाची सरासरी इथे कामाची नाही, पहाटेचा अर्धा तास बघा. पक्ष्यांवर काम करणारी तुकडी उजाडण्याआधी एकदम उठते आणि एकदम निघते. एका संडासामागे पाच-सहा जणांपेक्षा जास्त धरू नका. खड्ड्याचा संडास असेल तर तो विहीर किंवा झऱ्यापासून किमान ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा, आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपासून दीड मीटर तरी वर हवा. पावसाळ्यात ही पातळी वर येते, म्हणून मोजमाप पावसाळ्यातलं घ्या.

बाहेर पडायची वाट. रात्री दोन वाजता सगळ्यांना बाहेर काढायची वेळ आली तर गाड्यांत किती जण बसतील? त्यातला एक आडवा झोपलेला असेल असं धरा, म्हणजे दोन-तीन जागा कमी. गाडी एकच असेल तर ती मुक्कामाच्या रात्री स्टेशनवरच राहील, असा नियम करा. तिची किल्ली कुठे असते आणि ती चालवता येणारी दुसरी व्यक्ती कोण, हेही लिहून ठेवा.

> तपासा: तिन्ही आकडे कोरड्या आणि ओल्या मोसमासाठी वेगवेगळे काढलेत का? वर्षभरासाठी एकच आकडा असेल तर तो कुठल्या तरी मोसमात चुकीचा असणारच.

## २. बुकिंगच्या अर्जात योग्य प्रश्न विचारा

नाव, संस्था, तारखा एवढ्यावर खोली देऊ नका. नंतर डोकेदुखी करणाऱ्या बहुतेक गोष्टी अर्जातच कळू शकतात. हे नक्की विचारा:

- कामाची वेळ: पहाटे, दिवसा की रात्रभर?
- सोबत काय आणणार: स्पिरिट, फॉर्मालिन (नमुने टिकवायचं रसायन), द्रव नायट्रोजन, ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), ड्रोनच्या बॅटऱ्या, जिवंत प्राणी?
- विजेवर चालणारी उपकरणं, प्रत्येकाचे वॅट आणि रोजचे तास.
- याआधी कुठल्या भागात काम केलं, आणि तेच बूट-जाळी इथे आणणार का?
- अ‍ॅलर्जी, फिट्स, मधुमेह, दमा; रोजची औषधं; घरच्यांचा संपर्क.
- संशोधनाची परवानगी, तिची मुदत आणि ती कोणाच्या नावावर आहे.

आरोग्याची माहिती बंद पाकिटात ठेवा आणि ती कोण उघडू शकतं हे अर्जावरच छापा. हे आश्वासन दिसलं नाही तर माणसं खरं लिहीत नाहीत. फिट्स येणाऱ्याला वरचा बंक देऊ नये. मधमाशीच्या दंशाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्याचं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन त्याच्या पिशवीच्या तळाशी असून उपयोग नाही. ते कुठे आहे हे सोबत्यांना माहीत हवं. अशा गोष्टी वेळेत कळायला अर्ज हीच एक जागा आहे.

तारखा देताना दोन तुकड्यांमध्ये एक रात्र मोकळी सोडा. पाण्याने रस्ता बंद झाला किंवा विमान उडालं नाही, तर जाणारी तुकडी अडकते आणि येणारी दारात उभी राहते. त्या एका रात्री सगळ्या हिशेबांवर दुप्पट भार येतो. मोकळ्या रात्रीची सवय लागली की हा प्रसंग बराचसा टळतो. अडकलेल्यांसाठी तीन दिवसांचा कोरडा शिधा वेगळा ठेवा आणि तो नेहमीच्या स्वयंपाकाला वापरू देऊ नका.

शुल्कात काय येतं (जेवण, वीज, गाडी, नमुने ठेवण्याची जागा) आणि काय येत नाही, हे मंजुरीच्या पत्रातच लिहा.

## ३. खोल्या वाटा: आधी कामाच्या वेळा, मग बाकीचं

खोल्या संस्थेनुसार किंवा अर्ज आल्याच्या क्रमाने वाटणं ही नेहमीची चूक. वटवाघळांवर काम करणारा पहाटे चारला झोपायला येतो, पक्ष्यांवर काम करणारा त्याच वेळी उठतो. दोघे एका खोलीत असले की दोघांचीही झोप जाते, आणि झोप न झालेला माणूस उतारावर पाय घसरून पडतो. रात्री काम करणाऱ्यांना इमारतीच्या एका टोकाची, जाड पडद्यांची खोली द्या. स्वयंपाकघर आणि जनरेटर त्या खोलीपासून लांब असावेत.

यानंतरचा विचार सुरक्षिततेचा. प्लॉस वन या नियतकालिकात २०१४ मध्ये ६६६ क्षेत्रीय संशोधकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यांतल्या ६४ टक्के जणांनी फील्डवर लैंगिक छळ अनुभवल्याचं सांगितलं, तर २० टक्क्यांहून अधिक जणांनी लैंगिक हल्ला झाल्याचं सांगितलं. दुर्गम जागी रात्री उठून दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून याची जबाबदारी मुक्काम देणाऱ्यावरही येते. निदान एवढं तरी करा:

- प्रत्येक झोपण्याच्या खोलीला आतून कडी, जी आतून किल्लीशिवाय उघडते. बाथरूमलाही तशीच.
- कुणाबरोबर खोली वाटून घ्यायची हे त्या व्यक्तीला आधी विचारा. विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक यांना एका खोलीत ठेवू नका, खोल्या कमी असल्या तरी.
- वागणुकीचे नियम येण्याआधी पाठवा आणि त्यावर सही घ्या.
- तक्रारीसाठी दोन माणसांचे संपर्क द्या. त्यांतला एक स्टेशनबाहेरचा हवा, आणि त्याच्याशी व्यवस्थापकाला न विचारता बोलता आलं पाहिजे. सॅटेलाइट फोन व्यवस्थापकाच्या कुलपात असेल, तर दुसरा संपर्क नुसता कागदावर राहतो.

> सावधान: "आमच्याकडे असं काही होत नाही" या भरवशावर हा टप्पा गाळू नका. तक्रार करायची वाट नसेल तर तक्रार कानावर येणारही नाही.

## ४. खोली झोपण्यासारखी करा

बंद ठेवलेली खोली उघडताना पहिली झाडू मारू नका. उंदरांच्या लेंड्या आणि मूत वाळलेलं असतं. झाडल्यावर त्याची धूळ श्वासात जाते आणि हंटा विषाणूसारखे आजार त्यातून पसरतात. योग्य क्रम असा: दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. हातमोजे घाला. एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून लेंड्यांवर शिंपडा आणि किमान पाच मिनिटं भिजू द्या. मग कागदाने किंवा फडक्याने उचलून पिशवीत बंद करा. फरशी शेवटी, ओल्या फडक्यानेच पुसा.

मग भोकं बुजवा. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. पाइप भिंतीतून जातो ती जागा आणि दाराखालची फट आधी बघा. कापडाचे बोळे तो कुरतडून टाकतो. स्टीलचा काथ्या कोंबून वरून सिमेंट लावा.

ढेकणांसाठी गादीच्या शिवणी आणि खाटेचे सांधे प्रत्येक तुकडी गेल्यावर टॉर्च लावून बघा. धातूच्या खाटा तपासायला लाकडीपेक्षा सोप्या पडतात. चादरी शक्यतो ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा.

डासांचा भाग असेल तर खिडकीच्या जाळीवर विसंबून राहू नका. कुणी ना कुणी दार उघडं ठेवतंच. प्रत्येक खाटेवर कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी हवी, आणि ती गादीखाली खोचता येईल एवढी लांब हवी. बंकवर ती टांगायची कशी, हे खाट बनवून घेतानाच ठरवा. नंतर खिळे ठोकत बसावं लागतं.

बाहेरच्या दिव्यांचाही इथेच विचार करा. पांढरा, उघडा दिवा किडे ओढतो, किड्यांमागे पाली आणि साप येतात, आणि शेजारी कुणी पतंगांचा सापळा लावला असेल तर त्याची माहिती बिघडते. पायवाटेवर गुडघ्याच्या उंचीचे, झाकलेले, पिवळसर दिवे पुरेसे होतात.

## ५. पाणी पिण्यायोग्य करा आणि ते रोज मोजा

टाकीत क्लोरीन टाकलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं. पाणी आधी निवळू द्या किंवा गाळा, मग क्लोरीन घाला. ५ टक्के क्लोरीन असलेलं, सुगंध नसलेलं ब्लीच १,००० लिटरला ४० मिलिलिटर घातलं की मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम होते. ही सुरुवातीची मात्रा झाली. ती पुरली का, हे मोजूनच कळतं. ३० मिनिटांनी चाचणी-पट्टीने मुक्त क्लोरीन (खर्च न होता पाण्यात उरलेलं) बघा. ते लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास हवं. कमी आलं तर पुन्हा थोडं घाला आणि पुन्हा अर्धा तास थांबा. जुनं ब्लीच कमजोर पडतं, म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा.

क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींवर क्लोरीन चालत नाही. गुरं किंवा जंगली प्राणी पाणवठ्यावर येत असतील तर पिण्याचं पाणी उकळा: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं.

टाकीची पातळी रोज ठरलेल्या वेळी लिहा. बाहेरून दिसणारी पारदर्शक नळी बसवली तर काम एका नजरेत होतं. दोन दिवसांचा खर्च हिशेबापेक्षा जास्त दिसला, तर गळती शोधा. बहुतेक वेळा ती संडासाच्या टाकीत सापडते.

## ६. विजेचा हिशेब

सहा माणसांचं साधं उदाहरण घ्या. लॅपटॉप ६० वॅट, तीन तास: सहा जणांचे १,०८० वॅट-तास. हेडलॅम्प आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या माणशी ३० धरून १८०. सात वॅटचे आठ दिवे, पाच तास: २८०. बेरीज १,५४०.

आता १२ व्होल्ट, २०० अँपियर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी बघा. कागदावर ती २,४०० वॅट-तासांची आहे, पण अर्ध्याखाली उतरवत गेलं तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे वापरायला १,२०० मिळतात. एक बॅटरी कमी पडली. दोन घेतल्या तर एका रात्रीचं भागतं. सलग दोन दिवस ढगाळ राहिले तर त्याही पुरत नाहीत. या हिशेबात फ्रीजर अजून धरलेलाच नाही.

नमुन्यांच्या फ्रीजरला राहण्याच्या विजेपासून वेगळं सर्किट आणि वेगळी बॅटरी द्या. कुणाच्या लॅपटॉपमुळे कुणाचं वर्षभराचं काम वितळता कामा नये.

> तपासा: उपकरणावर छापलेल्या वॅटवर थांबू नका. वॅट-मीटर लावून चोवीस तास मोजा. फ्रीजर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढतो. तो झटका इन्व्हर्टरला झेपतो का, हे पाहुणे येण्याआधी बघा.

## ७. झोपण्याच्या खोलीत काय नसावं

माझा सर्वांत जास्त आग्रह या टप्प्यावर आहे. इथली चूक झोपेत जीव घेते.

जळणारी कुठलीही वस्तू. शेगडी, गॅसचा हीटर, कोळसा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही. जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, धूर खोल्यांच्या विरुद्ध बाजूला. थंड भागात प्रत्येक झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. धुराचा अलार्म वेगळा असतो. एक बसवला म्हणजे दुसऱ्याचं काम होत नाही.

द्रव नायट्रोजन आणि ड्राय आइस. एक लिटर द्रव नायट्रोजनचा साधारण ७०० लिटर वायू होतो. एक किलो ड्राय आइसपासून ५०० लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. बंद खोलीत किंवा बंद गाडीत हा वायू हवेची जागा घेतो. नमुने चोरीला जातील म्हणून संशोधक डबा खाटेखाली ठेवतात. त्यांना कुलूपबंद पण हवेशीर जागा दिलीत तर ते तसं करणार नाहीत.

स्पिरिट आणि फॉर्मालिन. नमुने ठेवायचं ७० टक्के स्पिरिट खोलीच्या साध्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. फॉर्मालिनची वाफ डोळे आणि घसा जाळते. दोन्ही वेगळ्या शेडमध्ये ठेवा. फॉर्मालिन बेसिनमध्ये ओतू देऊ नका. सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात आणि टाकी तुंबते. टाकाऊ रसायनांचा कॅन ठेवा, आणि तो कोण, कधी परत नेणार हे बुकिंगच्या वेळीच ठरवा.

चार्जिंगला लावलेल्या ड्रोनच्या बॅटऱ्या. उशाशी किंवा गादीवर तर नाहीच. सामायिक जागेत, न जळणाऱ्या पृष्ठभागावर, धुराच्या अलार्मखाली आणि माणसं जागी असतानाच.

ओले बूट, जाळी, वेडर (पाण्यात उतरताना घालायचे उंच, जलरोधक बूट-विजार). दाराबाहेर छप्पर असलेली धुण्याची आणि वाळवण्याची जागा हवी. आधी ब्रशने चिखल काढा, मग जंतुनाशक. चिखलावर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या सामानातून एका ओढ्यातून दुसऱ्यात पोहोचते आणि पूर्ण वाळल्यावर मरते. म्हणून वाळवण्याची जागा प्रशस्त बांधा, त्यासाठी एक खाट कमी झाली तरी चालेल.

> सावधान: खिडकीला बाहेर न उघडणारे गज असतील तर त्या खोलीतून आगीत निघायला एकच वाट उरते. गज आतून उघडणारे करा, नाहीतर ती खोली सामानासाठी ठेवा.

## ८. पहिल्या दिवशी: सामान खोलीत जाण्याआधी अर्धा तास

थकलेली माणसं ऐकत नाहीत, म्हणून पुष्कळ ठिकाणी हे बोलणं दुसऱ्या दिवशी ढकललं जातं. पण पहिली रात्रच सर्वांत अनोळखी असते. सांगण्यापेक्षा चालवून दाखवा: बाहेर पडायच्या दोन्ही वाटा, जमायची जागा, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, सॅटेलाइट फोन. फोन प्रत्येकाने स्वतः हातात घेऊन एकदा लावावा. सॅटेलाइट फोनला उघडं आकाश लागतं, आणि हे अनेकांना संकटाच्या वेळीच पहिल्यांदा कळतं.

स्टेशन २,५०० मीटरपेक्षा उंच असेल तर थेट खालून आलेल्यांना पहिल्या रात्री डोकेदुखी, मळमळ किंवा झोप न लागणं होऊ शकतं. पहिला दिवस हलक्या कामाचा ठेवा. चालताना झोक जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा बसूनही धाप लागणं दिसलं, तर सकाळची वाट न पाहता खाली न्या.

## ९. रोज रात्रीची हजेरी

भिंतीवर एक फळा पुरे. रकाने: नाव, सोबत कोण, कुठली वाट, परतायची वेळ, शोध सुरू करायची वेळ. शेवटचा रकाना हमखास राहून जातो, आणि तो नसेल तर उशीर झाल्यावर "अजून थोडं थांबू" म्हणण्यात रात्र जाते. उदाहरणार्थ, परतायची वेळ ८. साडेआठला रेडिओवर हाक. ९ ला दोघे जण वाटेच्या सुरुवातीपर्यंत. साडेनऊला बाहेर फोन. हे आकडे माणूस निघण्याआधीच ठरलेले असावेत, म्हणजे त्या क्षणी वाद होत नाही.

हजेरी घेणारा ठरलेला एकच माणूस असावा आणि तो रात्री स्वतः फील्डवर गेलेला नसावा. परत आलेल्याने आपलं नाव स्वतःच्या हाताने पुसावं. दुसऱ्याने पुसलेलं नाव धरू नये.

## १०. तुकडी निघताना आणि निघाल्यावर

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्यासोबत फ्रीजर आणि शेड उघडा. प्रत्येक डब्यावर नाव, संस्था, तारीख आणि आत काय आहे हे पुसलं न जाणाऱ्या शाईने हवं. स्पिरिट सांडलं की साध्या मार्करची अक्षरं जातात. कागदावर पेन्सिलने लिहून चिठ्ठी आतही टाका. मागे ठेवलेल्या नमुन्यांना नेण्याची तारीख लावा. नाव नसलेली बाटली पुढच्या माणसाला धोक्याची असते, आणि ती उघडून बघण्याचं काम तुमच्या कर्मचाऱ्यांवर येऊ देऊ नका.

ते गेल्यावर खोलीत फिरताना हातात वही असू द्या: नळ, कडी, मच्छरदाणीची भोकं, अलार्मची बॅटरी, गादीच्या शिवणी. बिघाडासमोर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. कडी किंवा अलार्मची नोंद मिटलेली नसेल, तर त्या खोलीचं पुढचं बुकिंग तेवढ्या दिवसांसाठी थांबवा आणि येणाऱ्यांना तसं आधी कळवा.